कंबर आधीच अधू, त्यात अपघात: अडीच लाख घ्यावेत की दावा लढवावा?

स्लिप डिस्कचा जुना त्रास, त्यात मागून गाडीची धडक. अशा माणसापुढे मोटार वाहन कायद्यातले दोन रस्ते असतात: कलम 164 खालची ठरीव रक्कम किंवा कलम 166 खालचा पूर्ण दावा. (धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर हे दोन्ही बाजूला राहतात. गंभीर दुखापतीला 50,000 रुपयांची वेगळी योजना आहे.)

164 मध्ये चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. गंभीर दुखापतीला 2,50,000 रुपये, बस. मणका मोडला किंवा सरकला असेल तर दुखापत गंभीर ठरतेच. हाड शाबूत असेल, तर 15 दिवस तीव्र वेदना होत्या किंवा रोजची कामे जमत नव्हती, हे दाखवावे लागते. त्यासाठी रजेचा दाखला आणि तारखेसकट केसपेपर जपून ठेवा. मात्र ऑपरेशनला चार लाख लागले तरी रक्कम अडीच लाखच. शिवाय कलम 149 च्या (विमा कंपनीशी तडजोडीच्या) प्रक्रियेतून ही रक्कम स्वीकारली, की 166 चा दावा संपतो. पायात उतरणारी कळ कधी कधी काही आठवड्यांनी सुरू होते. म्हणून पहिल्याच महिन्यात सही करायची घाई आम्हाला धोक्याची वाटते.

166 मध्ये समोरच्याची चूक दाखवावी लागते, तुमचीही असेल तर तेवढी रक्कम कापली जाते. अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा, आणि तो तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात दावा प्राधिकरणातही करता येतो. फरक किती पडतो ते पाहा. 42 वर्षांचा रिक्षाचालक, महिना 25,000 कमाई. वर्षाचे 3,00,000, भविष्यातल्या वाढीचे 25 टक्के धरून 3,75,000. या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात; या वयाला तो 14, म्हणजे 52,50,000. कमाईची क्षमता 20 टक्के घटली असे ठरले तर 10,50,000 रुपये. उपचारखर्च, बुडालेली कमाई, वेदनांची भरपाई वेगळी. पण त्यातला निम्मा त्रास जुना, असे प्राधिकरणाने मानले तर हाच आकडा 5,25,000 वर येतो.

खरा सामना या निम्म्यावरच होतो. विमा कंपनीचे वकील एमआरआयचा अहवाल उघडतात आणि ‘डिस्क डेसिकेशन’ (मणक्यांमधली चकती सुकणे), ‘ऑस्टिओफाइट’ (हाडाला फुटलेली वाढ) हे शब्द वाचून दाखवतात. ही झीज वर्षानुवर्षांची असते, एका धडकेने होत नाही, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. ताजी इजा दाखवते ती हाडातली सूज. ती एमआरआयच्या ‘स्टर’ चित्रांत उठून दिसते, पण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. सहा महिन्यांनी काढलेल्या एमआरआयमध्ये मग झीज तेवढी उरते, आणि ती विरुद्ध बाजूच्या कामी येते.

जुना त्रास लपवण्याइतकी महागात पडणारी चूक दुसरी नाही. अपघात विभागातल्या डॉक्टरांनी केसपेपरवर ‘के/सी/ओ लंबर स्पॉन्डिलायसिस’ (म्हणजे कंबरेच्या मणक्यांच्या झिजेचा आधीपासूनचा रुग्ण) लिहिलेले असते, आणि उलटतपासणीत तो कागद पुढे आला की तुमच्या बाकीच्या साक्षीवरचाही विश्वास उडतो. उलट जुने कागद तुम्हीच आधी दाखल करा: दोन वर्षांत किती वेळा डॉक्टरकडे गेलात, गोळ्या कोणत्या होत्या, रिक्षा रोज किती तास चालवत होतात. कमकुवत पाठीला जास्त इजा झाली म्हणून धडक देणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. भरपाई मात्र अपघाताने जे वाढवले त्याचीच मिळते, म्हणून ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांतले अंतर कागदावर दिसले पाहिजे.

अपंगत्वाचा दाखला नुसता जोडून भागत नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की दाखल्यावरची टक्केवारी म्हणजे कमाईतली घट नव्हे, आणि दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हायला हवी. त्यांना आधीच विचारा: यातले पूर्वीचे किती, अपघाताचे किती, आणि कशावरून?

लोकअदालतीतली तडजोड लवकर होते, पण तिच्यावर अपील नाही. तिथे जायचेच तर वरचा हिशेब खिशात ठेवून जा.

हाड शाबूत, महिन्याभरात कामावर परत, आणि समोरच्याची चूक दाखवणारा साक्षीदार नाही, अशा वेळी 164 पुरेसे आहे. पण ऑपरेशन झाले असेल किंवा धंदा बदलावा लागला असेल, आणि अपघाताआधी तुम्ही रोज काम करत होतात हे दाखवता येत असेल, तर 166 लढवा.