एक मोकळा दिवस आणि एकट्याचा रेल्वेप्रवास: लक्झेंबर्ग की स्लोव्हेनिया?

युरोपला गेलेल्या माणसाच्या हाती एखादा दिवस हमखास उरतो. मुलाला किंवा सुनेला ऑफिस असतं, ग्रुपमधले बाकीचे खरेदीला निघतात आणि आपल्याला दोन्हींत रस नसतो. अशा दिवशी एक अख्खा देश रेल्वेने पाहून यावा, ही कल्पना लहान देशांच्या बाबतीत खरोखर जमण्यासारखी आहे. माझ्या मते त्यासाठी दोनच नावांचा विचार करावा. लिख्टेनश्टाइन सुचवणारे भेटतील, पण तिथे जेमतेम नऊ-दहा किलोमीटर रूळ, गाड्या ऑस्ट्रियाच्या, आणि त्या राजधानी फाडुत्समध्ये जातही नाहीत. तिथे बसने जावं.

उरले लक्झेंबर्ग आणि स्लोव्हेनिया. लक्झेंबर्गमध्ये गाडी ही सोय आहे, वाटेल तिथे उतरा, वाटेल तेव्हा परत या. स्लोव्हेनियात गाडीत बसणं हाच कार्यक्रम, आणि तो वेळापत्रकाच्या तालावर करावा लागतो. एकट्याला निवड करायची ती मुख्यतः या दोहोंत.

आधी पैशांचं बोलू. २९ फेब्रुवारी २०२० पासून लक्झेंबर्गमध्ये ट्रेन, ट्राम, बस सगळं फुकट आहे, पाहुण्यांनाही. तिकीट नाही, पास नाही, नोंदणी नाही. यायचं आणि बसायचं. अट एकच: फुकट आहे तो दुसरा वर्ग. गादी जरा बरी दिसली म्हणून पहिल्या वर्गात बसलात तर तिकीट लागतं. आणि उत्तरेकडे ट्रवाव्हिएर्ज हे देशातलं शेवटचं स्टेशन. तिथून पुढे बेल्जियम लागतं, तिथलं तिकीट वेगळं. फुकटपणामुळे पैसे वाचतातच, शिवाय मन बदलायची मुभा मिळते. पाऊस आला, उतरू नका. गाव आवडलं, दोन गाड्या सोडून द्या. विचारायला बरोबर कोणी नसतं तेव्हा या मुभेची किंमत जास्त कळते.

स्लोव्हेनियात तिकीट अंतरावर आहे. पश्चिम युरोपातले दर पाहून आलेल्याला ते स्वस्तच वाटेल. लहान स्टेशनांवर खिडकीच नसते, तिथे गाडीत कंडक्टरकडून तिकीट घेता येतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

लक्झेंबर्गचा दिवस असा जातो. राजधानीच्या मुख्य स्टेशनातून उत्तरेची गाडी पकडायची आणि डाव्या खिडकीला बसायचं. निघाल्यावर लगेच गाडी उंच दगडी पुलांवरून आल्झेट नदीची दरी ओलांडते आणि डावीकडे बॉकचा कडा, तटबंदी, खाली ग्रुंडची कौलारू घरं असं सगळं दिसतं. हे जुनं शहर १९९४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि त्याचं पहिलं दर्शन या खिडकीतून सर्वांत चांगलं होतं असं मला वाटतं. पुढे एटलब्रुकपर्यंतचा भाग साधा, सपाट. त्यानंतर डोंगर जवळ येतात, बोगदे सुरू होतात, आणि साधारण तासाभरात क्लेर्व्हो येतं.

क्लेर्व्होला उतरायचंच. स्टेशनापासून गाव पंधरा-वीस मिनिटं चालत. तिथल्या किल्ल्यात ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे छायाचित्रांचं प्रदर्शन कायमचं मांडलेलं आहे: ६८ देशांतल्या २७३ छायाचित्रकारांचे ५०३ फोटो. ते जमवले एडवर्ड स्टायकेन यांनी. त्यांचा जन्म लक्झेंबर्गमधलाच, १८७९ चा. १९५५ मध्ये न्यूयॉर्कला पहिल्यांदा मांडलेला हा संग्रह १९९४ पासून इथे आहे. जन्म, काम, भाकरी, प्रेम, मरण, सगळं कृष्णधवल, आणि त्यात भारतातलेही चेहरे. अशी गोष्ट एकट्यानेच पाहावी. बरोबर कोणी असलं की तासाभरात ‘चला आता’ सुरू होतं. मात्र प्रदर्शन आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं आणि हिवाळ्यात काही काळ बंद असतं, तेव्हा निघण्याआधी वेळ पाहूनच घ्या. हाच किल्ला डिसेंबर १९४४ च्या लढाईत जळाला होता आणि नंतर पुन्हा उभा केला. आवारात त्या वेळचा रणगाडा आहे.

परतताना फाफेनटाल-किर्शबर्ग स्टेशनवर उतरावं. तिथे गाडीतून उतरलं की समोरच फ्युनिक्युलर, म्हणजे दोरावर ओढली जाणारी, डोंगर चढणारी गाडी, वर पोचलं की ट्राम. दोन्ही फुकट. आणखी तासभर असेल तर दरीतून जुन्या शहरात नेणारी काचेची लिफ्ट गाठा. वर जाताना पायाखाली दरी दिसते. उंचीची भीती असणाऱ्यांनी दाराकडे तोंड करून उभं राहावं.

आता स्लोव्हेनिया, आणि इथे जरा जास्त बोलणार आहे.

पाहायची ती बोहिन्य रेल्वे: येसेनित्से ते नोव्हा गोरित्सा, जेमतेम दोन तासांचा मार्ग. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळात व्हिएन्नाहून त्रिएस्ते बंदराकडे दुसरा रेल्वेमार्ग हवा होता, त्यातून तो झाला आणि १९०६ मध्ये खुला झाला. राजधानी ल्युब्लियानाहून आधी येसेनित्सेला जायचं, तिथे गाडी बदलायची. ब्लेडचं सरोवर वाटेतच आहे, पण इथे एक घोळ होतो. ब्लेडच्या नावाची दोन स्टेशनं आहेत. लेस्त्से-ब्लेड हे मुख्य मार्गावरचं, सरोवरापासून चार किलोमीटर लांब, तिथून बस. ब्लेड येझेरो हे बोहिन्य मार्गावरचं, सरोवराच्या पश्चिम टोकाजवळ, तिथून चालत खाली उतरता येतं. सगळा मार्ग करायचा असेल तर दुसरंच बरं.

बोहिन्यस्का बिस्त्रित्सा स्टेशनवर खिडकीतून बाहेर बघा. मोटारी सपाट वाघिणींवर चढवताना दिसतील. डोंगरावरचा रस्ता वळणावळणाचा, म्हणून लोक गाडीसकट रेल्वेने बोगदा पार करतात. बोगदा ६,३२७ मीटरचा, आपल्या कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्याहून किंचितच लहान, पण शंभर वर्षांहून जुना. अलीकडचं पाणी साव्हा नदीतून डॅन्यूबला आणि काळ्या समुद्राला जातं, पलीकडचं सोचा नदीतून ॲड्रियाटिकला. बाहेर पडलं की दरी अरुंद होते, घरं उतारांना चिकटलेली दिसतात, आणि मोस्त ना सोची नंतर सोचा नदी सोबतीला येते. तिचा हिरवा रंग फोटोत बघून खोटा वाटतो. तो तसाच आहे.

शेवटी सोल्कानचा पूल. दगडी कमान, ८५ मीटरची, रेल्वेच्या दगडी कमानींत जगात सर्वांत मोठी. पहिल्या महायुद्धात १९१६ मध्ये माघार घेणाऱ्या ऑस्ट्रियन सैन्याने ती उडवली, नंतर इटलीने पुन्हा बांधली. अडचण अशी की गाडी तिच्यावरूनच जाते, त्यामुळे गाडीतून ती दिसत नाही! नोव्हा गोरित्साला उतरून सोल्कानपर्यंत चालत मागे यायची तयारी ठेवा. शेजारच्या रस्त्याच्या पुलावरून ती पूर्ण दिसते.

नोव्हा गोरित्साचं स्टेशन मला पुलाइतकंच आवडतं. १९४७ मध्ये सीमा आखली गेली तेव्हा गोरित्सिया शहर इटलीकडे राहिलं आणि हे स्टेशन युगोस्लाव्हियाकडे आलं. मग या बाजूला नवं शहरच वसवलं. स्टेशनासमोरच्या चौकातून कुंपण जायचं, ते २००४ मध्ये काढलं. आता जमिनीत एक गोल फलक आहे, त्याच्या अलीकडे स्लोव्हेनिया, पलीकडे इटली. स्टेशनाच्या इमारतीत या सीमेवरचं छोटं संग्रहालय आहे. पासपोर्ट खिशात असू द्या, शेंगेनमध्ये असूनही या सीमेवर अलीकडे तपासणी होते.

तोटेही सांगतो. या मार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या. एक चुकली की छोट्याशा स्टेशनवर तासन्‌तास बसायची पाळी, आणि तिथे चहाची टपरी नसते. त्यामुळे सकाळी लवकर निघणं आणि परतीची गाडी आधी ठरवणं भाग आहे. रविवारी स्लोव्हेनियात बहुतेक दुकानं कायद्याने बंद असतात. खाणं शनिवारीच घ्या. रुळांची कामं दोन्ही देशांत निघतात, मग गाडीऐवजी बस लावतात. लक्झेंबर्गमध्ये त्याने वेळ जातो, एवढंच. बोहिन्यला बस म्हणजे सगळी मजाच गेली. त्या दिवशी बेत बदलावा.

खाण्याचं: शाकाहारी माणसाचे दोन्हीकडे थोडे हालच. लक्झेंबर्गच्या खास पदार्थांत डुकराचं मांस फार. ल्युब्लियानात चीजचा बुरेक मिळतो, पोट भरतं. ब्लेडच्या क्रीमच्या केकमध्ये अंडं असतं.

एकटीने निघणाऱ्या बाईला, किंवा पहिल्यांदाच परदेशात एकट्याने हिंडणाऱ्या साठीच्या गृहस्थांना मी लक्झेंबर्गच सुचवेन. अंतरं लहान, मुख्य मार्गावर गाड्या वरचेवर, फ्रेंच-जर्मन येत नसलं तरी राजधानीत इंग्रजीवर भागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतही तेच, कारण डोंगरात अंधार लवकर पडतो आणि खिडकीबाहेर काही दिसेनासं होतं. मे ते सप्टेंबर, पहाटे उठायची सवय आणि खिडकीशी गप्प बसायची हौस असेल तर मात्र डोळे मिटून बोहिन्य.

मुक्काम कुठे आहे त्यावरही बरंच ठरतं. पॅरिसला असाल तर लक्झेंबर्ग वेगवान गाडीने सव्वादोन तासांच्या आसपास. पॅरिसपासूनचं तिकीट अर्थातच स्वस्त नाही, आधी काढलेलं बरं. व्हेनिसला असाल तर गोरित्सियापर्यंत इटलीची गाडी साधारण दोन तास, मग चालत पाऊण तास किंवा बसने नोव्हा गोरित्सा, आणि तिथून बोहिन्य मार्ग उलट्या दिशेने. एका दिवसात ब्लेडपर्यंत जाऊन व्हेनिसला परतायचा हट्ट धरू नका. रात्र ल्युब्लियानात काढा.