कॅल्सिपोट्रिऑल मलम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पहिले दोन महिने पैसे पाण्यात गेले असं वाटत होतं. कोपर-गुडघ्यांवरचे सोरायसिसचे (त्वचेच्या आजाराचे) चट्टे तसेच, वरच्या चंदेरी खपल्याही तशाच. आता मत पूर्ण बदललंय, पण अट एकच: सॅलिसिलिक ॲसिड, म्हणजे खपल्या उतरवणारं आम्ल, या मलमाच्या आसपास फिरकता कामा नये.

औषधाच्या दुकानात हे कुणी सांगत नाही आणि त्याचाच राग येतो. कॅल्सिपोट्रिऑल हे ड जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध. आम्लाशी गाठ पडली की ते निकामी होतं. आणि आपल्याकडे सोरायसिसवर सर्रास दिली जाणारी बरीच मलमं क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन या स्टिरॉइडमध्ये ३ टक्के सॅलिसिलिक घातलेली असतात. एकावर एक थर दिला की महागडी ट्यूब कचऱ्यात. म्हणून घटकांची बारीक ओळ वाचाच. खपल्या जाड असतील तर आधी काही दिवस सॅलिसिलिक वापरून त्या उतरवा, ते पूर्ण थांबवा, मग हे सुरू करा. नखाने खरवडू नका. खाली टिपक्या-टिपक्यांनी रक्त येतं आणि जखमेच्या जागी नवा चट्टा उठू शकतो.

ट्यूब पुरवायची कशी, तेही सांगतो. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत दाबलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. चट्टे चार तळहातांएवढे असतील तर एका वेळी १ ग्रॅम. नुसतं कॅल्सिपोट्रिऑल दिवसातून दोनदा लागतं, म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब १५ दिवस. बीटामेथासोनसोबतचं एकत्र मलम दिवसातून एकदाच, साधारण ४ आठवडे. त्याची तेवढीच ट्यूब महिनाभर जाते. आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर जाऊ नका, रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. चेहऱ्याला लावू नका, आग होते. लावून झाल्यावर हात धुवा. अतिनील किरणांचे उपचार चालू असतील तर मलम किरण घेतल्यानंतर, आधी नाही.

फरक दिसायला दोन आठवडे, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. तेवढा धीर धरा.

हे मलम सोरायसिसच्या जाड चट्ट्यांच्या प्रकाराचं; बाकीचे प्रकार वेगळे. घसादुखीनंतर अंगभर उठणारे थेंबाएवढे ठिपके बऱ्याचदा आपोआप ओसरतात. काखेत, जांघेत सोरायसिसचे चकचकीत लाल चट्टे आले की लोक गजकर्ण समजून तीन औषधांच्या मिश्रणाचं मलम चोळतात; त्यातल्या कडक स्टिरॉइडने तिथली पातळ कातडी आणखी पातळ होते. चट्टे अंगभर पसरले असतील तर नुसत्या मलमाने भागत नाही. तेव्हा दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. यकृताची आणि रक्ताची तपासणी चुकवू नका, दारू बंद.

आणि स्टिरॉइडच्या गोळ्या कुणी सहज दिल्या तर घेऊ नका. त्या थांबवल्या की पू भरलेले फोड उठू शकतात किंवा सगळं अंग लाल होऊ शकतं. तसं झालं, ताप-थंडी आली, तर मलम बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सोरायसिससोबत बोटं सुजून सकाळी आखडत असतील तर सांध्यांचे डॉक्टर गाठा. त्यावर ही ट्यूब काहीच करत नाही.