पुढच्या दाराला सात कुलपं, मागे भिंतच नाही: एका बॅकअप ॲपचा साइनअप फॉर्म

ॲपचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण हा फॉर्म ज्याने लिहिला तोही आपल्यासारखाच कुणी प्रोग्रॅमर असणार, डेडलाइन डोक्यावर घेऊन बसलेला. फाइल्सचा बॅकअप घेणारी सर्व्हिस आहे, म्हणजे कामाचं सगळं यांच्या हवाली करायचं होतं. पण मी फाइल्सपर्यंत पोचलोच नाही, त्यामुळे हा रिव्ह्यू फक्त फॉर्मचा.

सुरुवात नावापासून. देवनागरीत टाकलं तर 'कृपया वैध नाव टाका'. ठीके, ए टू झेडशिवाय काही न चालणं हे जुनंच दुखणं. सपोर्टला कळवलं, चार दिवसांनी अपडेट आला की आता सगळ्या भाषांतली नावं चालतील. बघतो तर काय, 'कमल' चालतं आणि 'सुनीता' चालत नाही! ज्यांना कळलं ते हसले असतील, बाकीच्यांसाठी सांगतो: रेगेक्समध्ये (म्हणजे मजकूर कोणत्या साच्यात बसायला हवा ते सांगणाऱ्या कोडमध्ये) युनिकोडची, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीची, 'लेटर' कॅटेगरी टाकली की क, म, ल आरामात पास होतात, पण काना, वेलांटी, उकार, हलन्त हे युनिकोडच्या हिशेबात लेटर नाहीतच, ते 'मार्क' नावाच्या वेगळ्या खात्यात येतात आणि ते खातं घालायला हा गडी विसरला. म्हणजे अकाउंट फक्त पहिलीच्या धड्यातल्या बिनकान्याच्या माणसांना. मित्रांच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला तर लगेच एकाने विचारलं, छगन-मगनला फॅमिली प्लॅन मिळतो का रे?

नावाच्या शेवटी चुकून स्पेस राहिली तरी एरर. अरे बाबा, तुला दिसतेय ना स्पेस, मग काढून टाक की तूच! यावर ग्रुपमधल्या एकाने त्यांची बाजू घेतली की ट्रिमिंग, म्हणजे आजूबाजूच्या स्पेस छाटणं, पण साधं नसतं, २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमर लोकांची प्रश्नोत्तरांची साइट ३४ मिनिटं बंद पडली होती ती स्पेस काढणाऱ्या रेगेक्समुळेच, एका पोस्टमध्ये लागोपाठ २० हजारच्या आसपास स्पेस होत्या आणि रेगेक्स मागेपुढे करत दमलं. मान्य. पण नावाच्या फील्डला तयार मिळणारं ट्रिम फंक्शन पुरतं, तिथे रेगेक्स हवंय कुणाला?

ईमेलचं थोडक्यात. प्लस चिन्ह चालत नाही (ईमेलच्या स्टँडर्डमध्ये चालतं), आणि शेवटच्या डॉटनंतर २ ते ४ अक्षरंच हवीत. सहा अक्षरांचं डॉट म्युझियम २००१ पासून आहे हो. ॲट आहे का बघा, कन्फर्मेशनची लिंक पाठवा, विषय संपला.

आता पासवर्ड. एक कॅपिटल, एक अंक, एक स्पेशल कॅरेक्टर, पण स्पेशल म्हणजे त्यांच्या लिस्टमधल्या पाचांपैकीच, आणि पेस्ट बंद. अमेरिकेच्या निस्टने, म्हणजे तिथल्या सरकारी मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये सांगून ठेवलंय की असले कॅपिटल-अंकाचे नियम लादू नका, पेस्ट करू द्या, किमान ६४ अक्षरांपर्यंत पासवर्ड घ्या. इथे सगळंच उलटं. तर मी २४ अक्षरी पासवर्ड हाताने टाइप केला, हिरवी टिक आली, अकाउंट उघडलं, लॉगिन करायला गेलो तर 'पासवर्ड चुकीचा'. रीसेट केला. परत चुकीचा. तिसऱ्यांदा रीसेट करताना मला स्वतःवरच शंका यायला लागली, मग ब्राउझरमधलं इन्स्पेक्ट (पानामागचा कोड दाखवणारं टूल) उघडलं तेव्हा कळलं की साइनअपच्या आणि रीसेटच्या फील्डला मॅक्सलेंथ, म्हणजे जास्तीत जास्त अक्षरांची मर्यादा, १६ आहे आणि लॉगिनच्या फील्डला काहीच नाही. सतरावं अक्षर दाबलं की ते गुपचूप गायब, ना एरर ना काही, आणि काळी टिंबं मोजत कोण बसतं? १६ अक्षरं टाकून आत गेलो.

इथपर्यंत वाटत होतं की चला, कडक आहेत, अतिकडक आहेत, पण निदान काळजी तरी घेतात. आता इन्स्पेक्ट उघडंच होतं तर हात शिवशिवले. वयाच्या फील्डचा मिनिमम काढला आणि उणे ५ टाकलं. सेव्ह झालं! जन्मतारखेची सर्व्हरकडे जाणारी रिक्वेस्ट एडिट करून ३० फेब्रुवारी पाठवली, तीही सेव्ह, आणि प्रोफाइलवर ऐटीत दिसतेय, म्हणजे तारीख बहुतेक स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणूनच ठेवलेली. सगळा पहारा ब्राउझरमध्ये, सर्व्हरवर कुणीच नाही. सुनीताला दारातून परत पाठवणार आणि जन्माला यायला अजून ५ वर्षं असलेल्याला आत घेणार. आंधळं दळतंय, दुसरं काय. जिथे वय तपासत नाहीत तिथे बाकी काय तपासत असतील हे बघायची माझी हिंमत झाली नाही, दुसऱ्याच्या सर्व्हरवर असले प्रयोग करूही नयेत, सपोर्टला मेल टाकून गप्प बसलो. मेलला अजून उत्तर नाही.

अकाउंट बंद करायला गेलो तर तिथेही फॉर्म. कारण लिहा, किमान ५० अक्षरं. वर जे लिहिलंय त्याचा सारांश व्यवस्थित मराठीत लिहिला, 'अवैध अक्षरे' म्हणून लाल झाला. मग इंग्रजी ए चं बटण दाबून धरलं, ५० झाल्यावर सोडलं. 'सविस्तर अभिप्रायाबद्दल धन्यवाद' असा मेसेज आला आणि अकाउंट बंद झालं.