१९६४च्या इम्पालाचा पॉवरग्लाइड गिअरबॉक्स: रिबिल्डनंतरचे आठ महिने

दसऱ्याला पूजा करून गाडी बाहेर काढली होती, आता जून उजाडला. पॉवरग्लाइड हा तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून नव्याने बांधल्यावर एवढ्या काळात आमची १९६४ची शेवरोले इम्पाला २,३०० किलोमीटर चालली. बरीचशी नाशिकमध्येच: गंगापूर रोड, त्र्यंबक, दोनदा वणी. आणि मे महिन्यात एकदा कसारा घाट उतरून ठाण्याला जाऊन परत. जुनी ऑटोमॅटिक दारात उभी असलेल्यांसाठी हे सविस्तर लिहितोय. आमचा पहिला खर्च वाया गेला, तो दुसऱ्या कुणाचा जाऊ नये.

आधी दुखणं सांगतो. ‘डी’ला टाकली की गाडी छान उठायची. रिव्हर्सही पक्का. पण वरचा गिअर पडायच्या वेळेला इंजिन एकदम मोकळं सुटायचं, आवाज चढायचा आणि गाडी मात्र ओढायची नाही. सोबत सायलेन्सरमधून पांढरा धूर. एका गॅरेजने इंजिनच उघडायला सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं, हा बॉक्स काढून टाका, डिझेल इंजिन आणि साधा गिअरबॉक्स बसवून देतो. अण्णांनी ही गाडी मूळ इंजिन-गिअरबॉक्ससकट सांभाळली होती. ते माझ्याच्याने होणार नव्हतं.

मग मी घाई केली. ‘शेवरोले व्ही-एट, ऑटोमॅटिक’ एवढंच सांगून बाहेरून किट मागवलं. नाशिकच्या द्वारकेजवळ ज्या चाचांकडे काम द्यायचं होतं, त्यांनी किटमधलं पॅनचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या ताटाचं, पॅकिंग काढलं आणि गाडीखाली झोपून ते पॅनला लावून धरलं. “दादा, भोकं मोजा.” पॅकिंगला १३, पॅनला १४. ते किट टर्बो हायड्रामॅटिक ३५०चं होतं, म्हणजे आमच्या गाडीनंतर पाच वर्षांनी, १९६९ला आलेल्या गिअरबॉक्सचं. विक्रेत्याने परत घेतलं नाही.

त्यामुळे हात लावायच्या आधी बॉक्स ओळखा. गाडीच्या कागदांवर विसंबू नका, साठ वर्षांत काय बदललं गेलं ते कागद सांगत नाहीत. पॉवरग्लाइडच्या पॅनला १४ बोल्ट असतात. लिव्हरच्या पट्टीवर ‘डी’पुढे फक्त ‘एल’ असतो, कारण बॉक्सला पुढे जायचे गिअर दोनच. हा बॉक्स १९५० ते १९७३ एवढा काळ बनत होता. आधी बिडाचा, १९६२पासून ॲल्युमिनियमचाही, आणि दोघांचे भाग वेगळे. फ्रीजवरचं मॅग्नेट काढून बॉडीला लावून बघा. आमच्याला चिकटलं नाही, प्रश्न मिटला. ॲल्युमिनियमच्या सुरुवातीच्या बॉक्समध्ये मागे दुसरा पंपही असतो, नंतर तो काढून टाकला गेला. आमच्यात तो आहे. किट मागवताना हेही सांगावं लागतं.

दुसरं किट बरोबर आलं. कस्टम ड्यूटी धरून चाळीस हजारांच्या आत पडलं. क्लच प्लेटी, स्टीलच्या प्लेटी, सीलं, रिंगा, पॅकिंगं, फिल्टर, बँड. मॉड्युलेटर त्यात नव्हता, तो वेगळा घेतला. आणि खरी गंमत त्याच डबीत होती. बॉक्सच्या मागे बसणाऱ्या या डबीला इंजिनकडून व्हॅक्यूमची रबरी नळी येते. चाचांनी नळी उपसून बोटावर झटकली, तर लाल ऑइलचे दोन थेंब पडले. आतला पडदा फाटला होता आणि इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळत होतं. पांढरा धूर तो. इंजिन उघडलं असतं तर तिथे काहीच सापडलं नसतं.

वरच्या गिअरला स्लिप मारण्याचं, म्हणजे इंजिन मोकळं सुटण्याचं, कारण बॉक्स उघडल्यावर दिसलं. खालच्या गिअरला ड्रमवरचा बँड, म्हणजे पट्टा, आवळतो. वरच्याला बँड सुटतो आणि ड्रमच्या आतल्या क्लच प्लेटी दाबल्या जातात. या क्लचच्या पिस्टनचं सील वाळून प्लास्टिकसारखं कडक झालं होतं, दाब तिथूनच निसटायचा. प्लेटी काळ्या पडलेल्या, ऑइलला करपलेल्या फोडणीचा वास. नव्या प्लेटी रात्रभर ऑइलमध्ये भिजत ठेवल्या. वॉशर जागेवर धरायला चाचांनी ग्रीस वापरू दिलं नाही, व्हॅसलीनच. ते ऑइलमध्ये विरघळतं. प्रत्येक क्लच बंद करायच्या आधी हवा मारून पिस्टन हलतोय का ते बघितलं. बँडचा स्क्रू ७० इंच-पाउंडाला आवळून, नवा बँड म्हणून तीन फेरे मागे घेतला. वापरलेल्या बँडला चार.

टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग, बसवताना मात्र जिवाचे कान करा. आधी त्यात ऑइल ओता, मग फिरवत फिरवत आत ढकला. तो टप्प्याटप्प्याने ‘खट्’ करत आत जातो. पूर्ण आत गेला नसताना हाउसिंगचे बोल्ट आवळले की पंपाचा गिअर फुटतो. आमच्याकडे शेवटचा ‘खट्’ यायला पाऊण तास गेला, पण चाचांनी तोवर बोल्टला हात लावला नाही. सगळं मिळून जवळजवळ नऊ लिटर ऑइल लागलं, डेक्सरॉन-३.

आता वापराबद्दल. वरचा गिअर आता हलक्या पायावर न कळत पडतो. पहिल्या आठवड्यात उशिरा पडायचा, तो कार्ब्युरेटरकडून येणारा रॉड जुळवल्यावर वेळेवर पडायला लागला. फेब्रुवारीत मागच्या सीलमधून गळती सुरू झाली. सील नवीनच होतं, पण बॉक्सच्या शेपटातला बुश, म्हणजे शाफ्टला आधार देणारी नळकांडी, झिजून शाफ्ट डगमगत होता, आणि बुश किटमध्ये नव्हता. सातपूरला लेथवर गनमेटलचा करून घेतला. तेव्हापासून फरशी कोरडी आहे. हा बुश बॉक्स उतरवलेला असतानाच बघायला हवा होता.

कसाऱ्याची मला सगळ्यात धास्ती होती. गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्याच टाकीतून थंड होऊन येतं, म्हणून एप्रिलमध्ये रेडिएटर उघडून साफ करून घेतला होता. परतीच्या चढाला ‘एल’मध्ये ट्रकांच्या मागे सावकाश आलो. इगतपुरीला थांबलो, इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये डिपस्टिक काढली आणि पांढऱ्या फडक्यावर पुसली. ऑइल कोकम सरबतासारखं लाल, वासही स्वच्छ. अण्णांना फोन करून सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं, “रिव्हर्स पडतो ना नीट?”

पडतो. फक्त सकाळी चोक लागलेला असताना थोडा झटका देतो. आयडल कमी करून बघायचंय.