ऊस कारखान्याला की गुऱ्हाळाला?

कर्नाटकातल्या आमच्या चिकोडी-निपाणी भागात ऊस तोडीला आला की हाच वाद. कारखान्याच्या पाठीशी सरकार उभं आहे: आयात साखरेवर 100 टक्के शुल्क, 2019 पासून साखरेचा किमान विक्रीदर 31 रुपये किलो, आणि उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा सरकारनं ठरवलेला किमान दर, 2025-26 साठी 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये. पैसे 14 दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, असा नियम. कागदावर.

गुऱ्हाळाला यातलं काहीच नाही. एफआरपी नाही, दर त्या दिवशीच्या सौद्याचा. पण चुलवणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, उसाचं चिपाडच जळतं, बाहेरचं सरपण फारसं लागत नाही. गूळ करणारा गुळव्या, जाळ घालणारा जाळव्या गावातलेच, पैसा गावात फिरतो. अर्थात जळणात टायर घालणारेही आहेत, तिथं पर्यावरणाची भाषा नको. ‘कोल्हापुरी गूळ’ या नावाला 2014 पासून भौगोलिक मानांकन आहे. आमचा गूळ मात्र महाराष्ट्राच्या हद्दीअलीकडचा.

मोठ्या रानाला कारखानाच परवडतो. दोन एकरवाल्यानं थोडा ऊस गुऱ्हाळाला ठेवावा, तोही चांगला गुळव्या हाताशी असेल तरच. पाणी मात्र दोन्हीकडे तेवढंच लागतं, आणि पंपाची वीज फुकट असल्यामुळं त्याचा हिशेब कुणी करत नाही.