वरच्या लिम्बवरची काळी टेप: १८,५०० रुपयांचं तडकलेलं धनुष्य

मुलांसाठी जुनं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा. माझे १८,५०० रुपये गेले. ५,००० आगाऊ आणि १३,५०० चिपळूण स्टेशनवर, दोन्ही यूपीआयने. आंब्याच्या पेट्यांचे बाजूला ठेवलेले पैसे होते ते.

२०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनला विश्वविजेती झाली, तेव्हापासून मुलगी मागे लागलेली. तिचं कंपाउंड, म्हणजे चाकांचं धनुष्य, हिचं रिकर्व्ह, पण वेड तेच. नवा सेट परवडत नव्हता. जाहिरात दिसली: ६६ इंच लांब, २८ पाउंड ओढ, 'फक्त दोन महिने वापरलेलं'. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. 'अजून दोघं मागतायत, आगाऊ द्या.' दिले.

विकणारा स्टेशनवर आला तो दोरी चढवूनच. वरच्या लिम्बवर (मुठीच्या वर-खाली वाकणाऱ्या पात्यांना लिम्ब म्हणतात) टोकापासून चार बोटं खाली काळी टेप गुंडाळलेली. मी विचारलं, ही कसली? "ओरखडे पडू नयेत म्हणून, काका." मग त्याने धनुष्यात पाय घातला, मांडीवर वाकवलं आणि दोरी उतरवली. मुलीने माझी बाही ओढली. "बाबा, सर असं कधीच करू देत नाहीत. दोरी चढवा-उतरवायचा दोर, स्ट्रिंगर लागतो. असं केलं की लिम्बला पीळ पडतो." त्याला मुंबईची गाडी पकडायची होती, पाऊस कोसळत होता, आणि मी तिला म्हणालो, "गप्प बस जरा." तो क्षण आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. पंधरा वर्षांच्या पोरीला कळत होतं आणि मी तिलाच गप्प केलं. डागी आंबा मी देठावरून ओळखतो, पण धनुष्य आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं होतं. टेपखाली काय आहे हे मला कसं कळणार?

टेप असेल तर ती काढायला लावा. काढू देत नसेल तर उठून चालू लागा.

घरी पडवीत तिने सगळं नीट केलं. स्ट्रिंगरची टोपी खालच्या टोकाला, रबर वरच्या लिम्बवर, दोरावर पाय, मूठ वर खेचली, दोरीचा फास खाचेकडे सरकवला. 'कट्' असा आवाज झाला, वरचं लिम्ब वीतभर उकललं आणि मूठ तिच्या हनुवटीवर आदळली. दोन टाके, ८५० रुपये. डोळा वाचला.

तिला धनुर्विद्या शिकवणाऱ्या सरांनी टेप सोलली. खाली तडा, त्यात गोंद भरलेला. मग कापसाचा बोळा खालच्या लिम्बच्या कडेवरून फिरवला, तर तंतू दोन जागी अडकले. म्हणजे तिथेही फायबरग्लासचा थर उचकटलेला. बाण न लावता दोरी सोडली की असं होतं, बंद गाडीच्या उन्हातही थरांमधला गोंद सुटतो. धनुष्य चढवून मागून बघा, दोरी दोन्ही लिम्बच्या बरोबर मधून गेली पाहिजे. एका बाजूला सरकली तर पीळ आहे. हे दोन मिनिटांचं काम आहे, बापांनो!

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात सांगितलं, स्टेशनवरचा व्यवहार, रेल्वे पोलिसांकडे जा. रेल्वे पोलीस म्हणाले, तो ठाण्याकडचा, तिकडे द्या. तिसऱ्या खेपेला साहेब म्हणाले, "तुम्ही बघूनच घेतलंत ना? ही दिवाणी बाब आहे." अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत, गणपतीचा बंदोबस्त म्हणे. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक आयोगाचं विचारलं तर तो व्यापारीच नाही म्हणे. पोरीच्या हनुवटीचे टाके कोणाच्या हद्दीत येतात, ते तरी सांगा! पोच घेतल्याशिवाय अर्ज सोडू नका, आणि चॅट पुसू नका. मी रागाच्या भरात अर्धं पुसलं.

आगाऊ पैसे एक रुपयाही देऊ नका. सरांना सोबत न्या, त्यांचं भाडं भरा.

त्याचा नंबर अजून चालू आहे. परवा नवी जाहिरात दिसली. ६६ इंच, २८ पाउंड, आणि फोटोत वरच्या लिम्बवर तशीच काळी टेप.