फोर्टातलं जुन्या पुस्तकांचं दुकान: माल भारी, नकाशा गायब

फाउंटनच्या मागच्या गल्लीत आहे, नाव मुद्दाम टाकत नाही कारण तक्रार पण करायचीये. माझ्या बाबांचे काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले ते परत आलेच नाहीत, घरात त्यांचा साधा फोटो नाही, म्हणून मी लष्करी इतिहासाचं काही मिळतंय का हे सगळीकडे विचारत फिरते.

दुकानातल्या मामांनी शिडीवर चढून इटलीच्या लढाईवरचा एक जाडजूड इंग्रजी ठोकळा काढला. १२०० सांगितले, ८५० ला दिला. नकाशे आहेत ना विचारलं तर म्हणे सगळं आहे ताई, आणि घरी येऊन बघते तर मागच्या पुठ्ठ्याला नकाशाचा खिसा आहे, आत काही नाही!! आता कुठली नदी कुठली टेकडी, काय कळणार कपाळ.

तरी वाचत सुटले. नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४. त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मेले नाहीतर जखमी झाले तर हा एकटा मशीनगनवर धावला, ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून टॉमीगनच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं आणि मग लपलेल्या स्नायपरांनी त्याला टिपलं. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला पुतळा आहे. गावी जाताना आमची एसटी तिथेच ट्रॅफिकमध्ये अडकते आणि आम्ही वडापाव खात बसतो, मी कधी उतरून बघितला नाही.

पण घाडगेंचं नाव पदकामुळे आलं. बाकी पुस्तकात मेलेल्या गोऱ्या ऑफिसरचं नाव, हुद्दा सगळं, आणि आपल्या जवानांचा नुसता आकडा. काकांची बटालियन सापडली, काका त्या आकड्यातच कुठेतरी असणार. एका पानावर अशाच आकड्याशेजारी कुणीतरी पेन्सिलने बारीक देवनागरीत चार नावं लिहिलीयत, आडनावं नाहीत, शेवटचं 'आमचा बाळू'. आमच्या काकांचं नाव त्यात नाही, दोनदा बघितलं.

नकाशासाठी परत गेले तर मामांनी गोदामात शोधतो, शनिवारी या म्हणून सांगितलं. वर पुस्तक चाळून म्हणाले, पेन्सिलचं खोडून देऊ का, एकदम क्लीन होईल. ओरडलेच मी. जीपे चालतं, बिल देत नाहीत, सुट्टे घेऊन जा. तीन स्टार, नकाशा मिळाला तर चार करीन.